बिनजिन्याची माडी

आरतीनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला भुवया नव्हत्या.

तक्रार खरं तर शेजारच्या हनुमंताच्या वस्तीवरची होती. पण सोनईच्या बाहेर, ओढ्यापलीकडे, दोन वस्त्यांची फाटकं अगदी एकसारखी. आणि या फाटकातून धूर येत होता, म्हणून ती आत शिरली. अंगणात एक तरुण उभा. तोंड नुकतंच धुतलेलं, कपाळ लालबुंद, आणि भुवयांच्या जागी दोन गुळगुळीत पट्टे. हातात थर्माकोलचं जळकं खोकं.

"काय जळालं?" आरतीनं विचारलं.

"काय न्हाई." मग ती बघतच राहिली म्हणून – "अंडी उबवायचं मशीन हुतं. मोबाईलवर बघून केलं. आता... अंडी उकडायचं मशीन झालंय."

खोक्यात चाळीस अंडी होती, ओळीनं मांडलेली.

"चार घ्या की," तो म्हणाला. "झाल्यात चांगली."

आरतीला वीज कंपनीत लागून जेमतेम पाच महिने झाले होते. कामावर असताना हसू नये असं तिनं स्वतःच ठरवलेलं, कारण खांबावर चढणारी पोरगी हसली की लोक तिला पोरगीच समजतात. ती हसली नाही. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून दोन अंडी खाल्ली. त्यानं आतून चिमटीत मीठ आणून दिलं. लोकांच्या प्रेमाला गुलाबाचा वास येत असेल. आरतीच्या प्रेमाला जळक्या थर्माकोलचा होता, आणि ते प्रेम आहे हे कळायला तिला दोन महिने लागले.

त्या दोन महिन्यांत या वस्तीच्या तक्रारी फार वाढल्या. फ्यूज उडाला. व्होल्टेज कमी हाय. मीटरमधनं आवाज येतो. प्रत्येक वेळी फोन त्या तरुणाचा, अमृतचा, आणि प्रत्येक वेळी अंगणात काहीतरी नवं मोडून पडलेलं. एकदा शेळ्यांसाठी आपोआप लागणारं फाटक. शेळ्या बाहेर राहिल्या आणि त्याचे वडील काकासाहेब दोन तास आत कोंडले गेले. अमृतचं म्हणणं असं, की जे एका माणसाच्या हातानं होतं ते दुसऱ्याच्या हातानं का होऊ नये? म्हणणं खोटं नव्हतं. हात मात्र त्याचे होते.

सगळ्यात मोठं काम म्हणजे ते घर. खालचा मजला गवंड्यानं बांधलेला, म्हणून सरळ. वरची माडी अमृतनं स्वतः बांधली, बारा व्हिडिओ बघून. भिंती झाल्या, खिडक्या झाल्या, निळा रंगही झाला. मग त्याच्या आईनं, रतनबाईंनी, अंगणात उभं राहून विचारलं, "आन् वर जायचं कुठून?"

जिना राहिला होता.

आता जिन्याला जागाच नव्हती. तेव्हा अमृतनं विहीर खणताना खालचा मुरूम वर ओढतात ती यारी विकत आणली, भिंतीला लागून दोन लोखंडी गर्डर उभे केले, मधे जाळीचा पिंजरा बसवला, मोटर लावली – आणि लिफ्ट केली. रतनबाई तिच्यात एकदाच बसल्या. तेव्हापासून त्या माडीचं नाव काढत नाहीत.

हे सगळं आरतीला ठाऊक होतं. तरी ती लिफ्टमधे चढली. त्याचं असं झालं.

भादव्याचे शेवटचे दिवस. गणपती उठून गेलेले, पाऊस उघडलेला, ऊन असं की सावलीतसुद्धा मान भाजावी. ऊस माणसाच्या डोक्यावर गेला होता. सकाळी तक्रार आली – खांबावर ठिणग्या पडतायत. पत्ता अमृतच्या वस्तीचा. सहादेवकाकांनी पत्ता वाचला, चष्मा खाली करून आरतीकडे बघितलं आणि मोटारसायकलला किक मारली.

सहादेवकाका म्हणजे तिचे कामातले गुरू. चौतीस वर्षं खांबांवर काढलेली, पुढच्या वर्षी नोकरीतून सुटायचे. बोलणं कमी, आणि बोलणं असलं की एकाच धर्तीचं. उसाच्या दोन एकरांपलीकडे, बांधावरच्या खांबाखाली त्यांनी गाडी लावली. वर बघितलं. तारेचा जोड खरंच सैल होता.

"खोटं न्हाई म्हणायचं," काका म्हणाले. "आता असं कर. तू वस्तीवर जा. घरावरचा वायरचा जोड बघ. आन् त्याच्या आदी काय बघायचं?"

"जनरेटर, इन्व्हर्टर हाय का ते."

"हाय का, आन् कसा जोडलाय. डोळ्यानं. मग मला सांग. मग मी परमिट घेतो."

परमिट म्हणजे सबस्टेशनला कळवून लाईन बंद करून घ्यायची. ज्याच्या नावावर परमिट, त्यानं ते परत केल्याशिवाय तिकडून कुणी लाईन चालू करायची नाही. पण एखाद्याच्या घरात जनरेटर असला आणि तो सरळ लाईनलाच जोडलेला असला, तर करंट घरातून उलटा तारेवर जातो. तो परमिट-बिरमिट ओळखत नाही. अशा उलट्या करंटनं काकांचा एक जोडीदार त्यांच्या समोर गेला होता. काका ते सांगत नसत. फक्त दर खांबाखाली हाच प्रश्न विचारत.

आरती वस्तीवर पोचली. अमृतचे आईवडील राहुरीला साखरपुड्याला गेलेले. अमृतच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता, भुवया उगवल्या होत्या, आणि त्या वर करून तो म्हणाला, "आलात, मॅडम?"

"तक्रार होती ना."

"व्हय व्हय. लई ठिणग्या."

"शिडी द्या. वरचा जोड बघायचाय."

"शिडी हनुमंतानं नेली, मांडवाला." त्यानं आवाज जरा खाली आणला. "लिफ्ट हाय की."

"मला जगायचंय अजून."

"परवाच कांद्याच्या धा गोण्या नेल्यात तिनं वर. कांद्यानं काय तक्रार केली न्हाई."

"कांदा बोलत नसतो, अमृतराव."

"मग तुमी बोला. मधी थांबलं की सांगा, मी तिथंच उतरवून देतो."

घराच्या मागं पत्र्याची शेड होती, तीसेक पावलांवर. आरती तिकडेच निघाली होती, काकांनी सांगितलेलं बघायला. तेवढ्यात अमृतनं लिफ्टमधे एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली आणि खांद्यावरच्या टॉवेलनं ती पुसायला लागला. नीट, चारी पाय.

"खुर्ची कशाला?"

"लेडीज सवारी हाय. उभं कसं न्यायचं?"

आणि तिला हसू आलं. दोन महिने दाबून ठेवलेलं सगळं एकदम. त्याच वेळी फोन वाजला – काका.

"बघितलं का गं?"

ती अजून हसतच होती. तो पुसून झालेल्या खुर्चीवर टॉवेलनं वारा घालत होता.

"न्हाई काका, काय न्हाई," ती म्हणाली. "चढा तुमी."

लिफ्ट निघाली. यारीची दोरी कुरकुरली, पिंजरा डावीकडे जरा झुकला, मग सावरला. ऊस खाली खाली जात गेला आणि त्याच्यावरून वारा यायला लागला. पंधरा-सोळा फुटांवर, माडीचा उंबरा हातभर वर राहिलेला असताना, मोटर थांबली. यारीच्या दात्याच्या चक्रीत खीळ पडली – खट. पिंजरा लटकून राहिला.

"काकांनी परमिट घेतलं," आरती म्हणाली. "इतक्यात घेतील असं वाटलं नव्हतं..." मग तिला आठवलं, 'चढा तुमी' असं तिनंच सांगितलं होतं.

"बसा ना," अमृत म्हणाला.

"तुम्ही बसा."

"एकच खुर्ची हाय."

दोघंही उभे राहिले. मधे खुर्ची. लांब खांबावर काका दिसत होते, पट्टा टाकून मागं रेललेले, उसाच्या हिरव्यावर एक काळा ठिपका.

"घाबरला का, मॅडम?"

"मी रोज तीस फुटांवर असते."

"तिथं कोण असतंय सोबत?"

"साळुंक्या."

तो हसला. मग बोटानं जाळी खरवडत राहिला. "एक सांगू? रागवायचं न्हाई. ठिणग्या... मी काय बघितल्या न्हाईत."

"माहीत होतं."

"मग आलात कशाला?"

"तक्रार आली की यावं लागतं."

"आन् दर येळी तुमीच? त्या हापिसात वीस माणसं हायेत."

आरतीनं उसाकडे बघितलं. या बाजूच्या वस्त्या मला द्या असं तिनं काकांना स्वतः मागून घेतलं होतं. कारण म्हणून सांगितलं होतं की रस्ता सपाट आहे. रस्त्यात चार खड्डे आणि एक ओढा होता.

"रस्ता चांगला आहे इकडचा," ती म्हणाली.

अमृतच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या, आणि आरतीला वाटलं, काकांनी आज जरा सावकाश काम करावं.

"अर्धा तास तरी लागेल आता," ती म्हणाली.

"अर्धा कशाला?" अमृतला उत्साह आला. "पंधरा मिंटं. त्यातली पाच गेली. लाईट गेल्यावर पंधरा मिंटांनी आपोआप चालू होतो."

"काय आपोआप?"

"जनरेटर. शेडमधी. मीच बसवलाय. वॉशिंग मशीनचा टायमर लावलाय, तो फिरला की..."

तो थांबला. कारण आरतीचा चेहरा बदलला होता.

"जोडलाय कसा?" तिचा आवाज तिला स्वतःला लांबून ऐकू आला. "मधे चेंजओव्हर आहे का? लाईनकडची वायर सुटते का, जनरेटर लागला की?"

"ते..." तो म्हणाला. "ते लावायचं राहिलंय."

"मेन स्विचच्या अलीकडं जोडलाय का पलीकडं?"

"पलीकडं. सरळ येणाऱ्या वायरीलाच. मेनचा डबा उघडत नव्हता."

आरतीनं खांबाकडे बोट केलं. अमृतनं त्या बोटाच्या रेघेवरून बघितलं. काकांनी उघड्या हातात तार धरली होती.

त्याला समजलं.

"फोन लावा," तो म्हणाला.

तिनं लावला. रिंग जात होती, जात होती. खांबाखाली मोटारसायकलच्या हँडलला काकांचा शर्ट टांगलेला. फोन त्याच्या खिशात. वर चढताना काका फोन नेत नसत. सबस्टेशनला लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, लाईन तर आमच्याकडनं बंदच आहे. परमिट सहादेवच्या नावावर आहे, काळजी कसली?" तिनं सांगितलं. तो म्हणाला, "मग त्यांना खाली उतरवा लवकर." अमृतनं हनुमंताला लावला. हनुमंत सोनईत, बाजारात. "निघतो," म्हणाला, "वीस मिंटं."

आरतीनं ओरडून बघितलं. वारा तिकडून इकडे होता. अमृतनं टॉवेल जाळीबाहेर काढून हलवला, दोन्ही हातांनी, पिंजरा डुलेपर्यंत.

काकांनी बघितलं. आणि तिकडून हात हलवला. दोनदा, ऐसपैस, आज पहिल्यांदाच कुणी आपल्याला असं बोलावतंय म्हणून खूश झाल्यासारखा. मग परत तार धरली.

"किती झाली?" आरती म्हणाली.

"नऊ मिंटं."

"म्हणजे सहा आहेत."

"टायमर..." अमृतनं ओठ चावला. "पंधराचा हाय. पण कवा कवा बारालाच पडतो."

"फाटक उघडा."

"मजल्याला टेकल्याबगर उघडत न्हाई. सेफ्टी केलीय तशी."

आयुष्यात एकच गोष्ट त्यानं बिनचूक केली होती, आणि ती ही. आरतीनं वर बघितलं. वर निळं आभाळ होतं.

"छत?"

"ते राहिलंय."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि खांद्यावरचा पट्टा उतरवला.

"तुमी नका. मी उतरतो."

"खांबावर चढलायत कधी?"

"एकदा."

"मग?"

"मग धा दिवस दवाखान्यात."

"हात जोडा खाली. पाय ठेवते."

त्यानं गुडघा टेकला, दोन्ही हातांची ओंजळ केली. तिनं त्यात पाय ठेवला, दुसरा त्याच्या खांद्यावर, इस्त्रीच्या शर्टावर. तो उठला तसा पिंजरा कलला. वर यारीची खीळ सरकली – खट – आणि पिंजरा वीतभर खाली बसला.

"धरील का ही?" तिनं वरून विचारलं.

"कांद्याला धरलं हुतं."

"अमृतराव. खरं सांगा."

"मला ठावं न्हाई," तो म्हणाला. "मी त्या कोपऱ्यात उभा राहतो, वजन तिकडं टाकतो. तुमी जावा. आरती... जा."

मॅडम गळून पडलं होतं. दोघांनाही त्या क्षणी ते ऐकू आलं नाही.

तिनं पट्टा गर्डरभोवती टाकला. लोखंड उन्हानं तापलेलं, हातमोज्यातून चटका बसत होता. खांबाला चढायचं-उतरायचं तंत्र असतं – पट्ट्यावर रेलायचं, पाय दाबायचे, पट्टा खाली घ्यायचा. घाई केली की पट्टा अडतो. काकांनी शिकवलं होतं, "खांबावर असताना जगात दुसरं काय बी चाललेलं नसतं." आज चाललेलं होतं. ती मनात म्हणत होती, माझ्या शब्दावर चढलेत ते. त्याच्या खोट्या तक्रारीवर आलेत आणि माझ्या खोट्या 'न्हाई'वर चढलेत. मधे पट्टा एकदा अडला. तिनं डोळे मिटले, रेलली, सोडवला. शेवटच्या पाच फुटांना तिनं उडी मारली.

"शेडमधी गेल्यावर डावीकडं," वरून अमृत ओरडत होता. "लाल वायर."

शेडमधे सगळ्याच वायरी लाल होत्या. तालुक्याला त्या दिवशी तोच रंग मिळाला असावा. भिंतीवर वॉशिंग मशीनची चकती खिळ्यांनी ठोकलेली, टिकटिक करत फिरत होती. तिच्यावरचा काटा शेवटच्या खुणेपासून नखभर लांब. खाली जनरेटर. आरतीनं वायरींकडे दुसऱ्यांदा बघितलंच नाही. कुठली वायर कुठं जाते हे ज्यानं जोडलं त्यालाही सांगता आलं नसतं. तिनं बॅटरी शोधली. काळी, ट्रॅक्टरची, पोत्याखाली झाकलेली. पक्कड काढली आणि बॅटरीच्या जाड वायरीला लावली.

वायर जाड होती. पहिल्या दाबात नुसतं रबर तुटलं.

टिकटिक थांबली. चकती म्हणाली – टक. जनरेटरच्या पोटात सेल्फ फिरला, घर्र, अर्धा फेरा... आरतीनं पक्कडीवर सगळं अंग टाकलं.

घर्र मधेच तुटलं. एक ठिणगी उडाली, खरोखरची, आणि शेडमधे शांतता झाली.

ती तिथंच जमिनीवर बसली. बाहेरून हाका येत होत्या, "आरती? झालं का? आरती?" ती तुटलेल्या वायरीची टोकं एकमेकांपासून लांब सारत राहिली.

मग हाका थांबल्या. लोखंडावर काहीतरी घासत गेल्याचा आवाज आला, आणि धप्पकन पडल्याचा. लंगडत, तळवे सोललेले, शर्टाची बाही खांद्यापासून सुटलेली, अमृत शेडच्या दारात आला. आधी त्यानं तिच्याकडे बघितलं. मग तुटलेल्या वायरीकडे. मग तो दारातच खाली बसला, तिच्यासमोर.

"काका वर असतील अजून," ती म्हणाली. "मला सांगायचंय त्यांना."

"मी बी येतो."

"तुम्ही कशाला?"

"माझ्या वाटणीचं मी सांगतो."

उसाच्या कडेकडेनं ते गेले. तो लंगडत होता. तिनं पावलं हळू केली, पण हात दिला नाही. काका खाली उतरून पाणी पीत होते. दोघांचे अवतार बघून त्यांनी बाटली खाली ठेवली.

आरतीनं सांगितलं. सगळं, क्रमानं. शेड बघितली नाही. हसत होते. हसता हसता 'न्हाई' म्हणाले. जनरेटर होता, अर्धा फेरा फिरला.

काकांनी शर्ट घेतला, अंगात घातला, गुंड्या लावल्या. एक गुंडी चुकली, ती परत काढली.

"चूक माझी हाय, काका," अमृत म्हणाला. "मीच हसवत हुतो त्यान्ला. आन् ती तक्रार... ती बी खोटी हुती. ह्या याव्यात म्हणून केलेली."

"म्हंजे हा जोड सैल हुता, ते तुला ठावंच न्हवतं?"

"न्हाई."

काकांनी वर जोडाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "खोटं बोलायला बी नीट जमत न्हाई तुला," ते म्हणाले.

काका आरतीकडे वळले. "तुला मी ओरडणार न्हाई. ओरडलो की माणूस माझा आवाज ध्यानात ठेवतो, चूक इसरतो. एक तार बांधायची राह्यलीय अजून. मी तशी बी खाली उतरलोय, परत चढायचंय. काय करायचं?"

"मी बघून येते."

"जा."

ती गेली. एकटी. शेडमधल्या जनरेटरची बॅटरी काढून बाहेर उन्हात ठेवली. घरातल्या खोल्या, गोठा, कपाटाच्या मागं, पलंगाखाली – इन्व्हर्टर, काहीही आहे का ते बघितलं. हनुमंताची वस्तीसुद्धा. घामानं निथळत परत आली आणि काकांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "एक जनरेटर होता. बॅटरी काढून ठेवली. बाकी दोन्ही वस्त्यांवर काही नाही. डोळ्यानं बघितलं."

काकांनी आणखी एक क्षण तिला न्याहाळलं. मग पट्टा उचलला आणि चढायला लागले.

खाली ते दोघं उभे. मान वर, नजर काकांच्या हातांवर. तारेला काकांनी हात लावला तेव्हा आरतीचा हात आपोआप बाजूला गेला आणि अमृतच्या सोललेल्या पंजात सापडला. त्याला दुखलं असणार. त्यानं सोडला नाही.

"आरती," तो हळूच म्हणाला, "मला एक..."

"आत्ता नाही. काका खाली येईपर्यंत काही बोलायचं नाही."

वीस मिनिटं ते एक अक्षर बोलले नाहीत. त्या दोघांच्या ओळखीतली ती सगळ्यात लांब शांतता.

काका उतरले. पाय जमिनीला लागले तसा तिनं हात काढून घेतला. काकांनी तो काढताना बघितला. त्यांनी पट्टा गुंडाळला, फोन हातात घेतला, पण सबस्टेशनला लावला नाही.

"काय बोलायचं हुतं तुला?" त्यांनी अमृतला विचारलं. "मगाशी तोंड उघडलं हुतंस."

"न्हाई... काय न्हाई."

"आज ह्या 'काय न्हाई'चा मला लई राग हाय. बोल. परमिट माझ्या नावावर हाय. तू बोलल्याबगर मी काय ते परत करत न्हाई. ह्या लाईनीवर साठ मोटरी बंद पडल्यात तुझ्यापायी."

अमृत बांधावरच्या गवताकडे बघत राहिला, मग एकदम सरळ उभा राहिला.

"तुमी रोज यावं असं वाटतं," तो आरतीला म्हणाला. "काय मोडलं-जळालं नसताना. लग्न करून. मला दुसरं काय नीट येत न्हाई, पण हे मी मोबाईलवर बघून म्हणत न्हाई."

ऊस सळसळला. आरतीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा तिला राग आला.

"माझे वडील पाथर्डीकडून ऊसतोडीला येतात," ती म्हणाली. "याच भागात. तुमच्या रानात सुद्धा आले असतील. घरात चालेल?"

"आईला सांगितलंय."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, पोरगी उपाशी फिरती, पयलं जेवायला बोलव."

"आणि काकासाहेब?"

"त्यांना अजून..." तो अडखळला. मग म्हणाला, "राहिलंय असं न्हाई. सांगायला भीती वाटती. आज सांगतो. जनरेटरचं बी आन् हे बी."

"एकदम नको," काका म्हणाले. "एक दुपारी, एक संध्याकाळी." आणि त्यांनी फोन लावला. "सहादेव बोलतोय. माणसं खाली, सामान खाली. परमिट परत."

थोड्या वेळानं लांबून एक मोटर चालू झाली, मग दुसरी, मग सगळ्या उसातून घुमत घुमत पाण्याचा आवाज सुरू झाला.

आरतीनं डोळे पुसले, पिशवीतून वही काढली आणि बांधावर बसली. "मी रिपोर्ट लिहिणार आहे. तुमच्यावर आणि माझ्यावर. तुमची लाईट तोडतील, चेंजओव्हर बसवल्याशिवाय जोडणार नाहीत. मला नोटीस येईल."

"लिहा," अमृत म्हणाला. तो तिच्यापासून हातभर अंतरावर बसला, दुखरा पाय पसरून.

"पूर्ण नाव?"

"अमृत काकासाहेब शेटे."

"गट नंबर?"

त्यानं सांगितला.

"जनरेटर कधी बसवला?"

"पोळ्याच्या आदल्या दिवशी."

"वय?"

"सत्तावीस."

"जेवणात काय खात नाही असं काही?"

"कारलं."

गाडीवर सामान बांधता बांधता सहादेवकाका थांबले. "आरे," ते म्हणाले, "रिपोर्टात हे समदं लिवावं लागतंय व्हय?"

"न्हाई काका," आरती म्हणाली, आणि मान वर न करता लिहीत राहिली.